हायड्रस: मातीतल्या पाण्याचा आणि क्षारांचा हिशेब

हायड्रस ही मातीतून पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार कसे सरकतात, याचे गणित सोडवणारी संगणकप्रणाली आहे. यिर्का शिमूनेक, रिन व्हान गेनुख्तेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेत घडवली. अमेरिकी कृषी खात्याची ही प्रयोगशाळा बागायती जमिनी क्षारपड का होतात, हे शोधण्यासाठीच उभी राहिली होती. हायड्रसची एकमितीय आवृत्ती विनामूल्य मिळते.

भूजल पातळीखाली मातीची सारी छिद्रे पाण्याने भरलेली असतात. तिथे मातीची पाणी वाहू देण्याची क्षमता, म्हणजे वाहकता, जवळपास स्थिर असते आणि हेन्री दार्सीचा १८५६ चा नियम पुरतो. खरी अडचण वरच्या, मुळांच्या थरात आहे. तिथे छिद्रांत हवाही असते आणि ओलावा घटताच वाहकता झपाट्याने कोसळते. या थरासाठी लोरेन्झो रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये समीकरण मांडले. ओलावा, शोषदाब (माती पाणी किती जोराने धरून ठेवते ते) आणि वाहकता यांची सांगड घालणारे सूत्र व्हान गेनुख्तेन यांनी १९८० मध्ये दिले.

हायड्रसमधील मातीच्या यादीत संपृक्त वाळूची वाहकता दिवसाला ७१२.८ सेंमी, तर चिकणमातीची अवघी ४.८ सेंमी आहे. पण शोषदाब १०० सेंमीवर गेला की याच यादीतील आकड्यांवरून चिकणमाती वाळूच्या सुमारे हजारपट वाहक ठरते. मोठी छिद्रे आधी रिकामी होतात, म्हणून कोरडा वाळूचा थर पाणी अडवून धरतो.

क्षार पाण्याबरोबर वाहतात, वाटेत पसरतात, काही मातीच्या कणांना चिकटतात. ठिबकखाली ते भिजलेल्या मातीच्या गोळ्याच्या कडेला साठतात. अशात हलकी सर आली तर कडेचे क्षार मुळांकडे ढकलले जातात. म्हणून पाऊस सुरू असतानाही ठिबक चालू ठेवावे लागते, आणि ही सूक्ष्म गोष्ट हायड्रसच्या प्रतिमानात स्पष्ट उमटते.

सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यातील क्षारपड काळ्या जमिनींसाठी मात्र साधे रिचर्ड्स समीकरण अपुरे पडते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिले पाणी मातीला न भिजवताच खोल उतरते. भेगा आणि मातीची ढेकळे यांना दोन वेगळे, पण एकमेकांशी पाण्याची देवघेव करणारे मार्ग मानणारी रचना हायड्रसमध्ये आहे. तिची गणिती मांडणी गेर्के आणि व्हान गेनुख्तेन यांनी १९९३ मध्ये केली. तिला लागणारे आकडे मोजणे अवघड असते. शिवाय काळी माती भिजली की फुगते आणि भेगा मिटतात, त्यामुळे उन्हाळ्यात मोजलेला आकडा वाफशाला लागू पडेलच असे नाही.