भाच्याचा राक्षस

मराठी शिकवणाऱ्या माणसाने यंत्रांच्या भानगडीत पडू नये, हे मला मान्य आहे. शहापूरच्या आमच्या घरात फ्यूज उडाला तरी शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. पण गेल्या दिवाळीत ताईचा निरोप आला : "भाऊबीजेला येशील तेव्हा भाच्याला चार शब्द सांग. फीसाठी ठेवलेल्या पैशांतून त्याने कसलीशी खेळण्यातली मोटार मांडली आहे, आणि यांनी त्याच्याशी बोलणे टाकले आहे." तेव्हा किन्हवलीमार्गे सरळगावची एस.टी. धरली आणि मुरबाड तालुक्यातल्या ताईच्या घरी उपदेशाचे गाठोडे घेऊन दाखल झालो.

ते गाठोडे सुटलेच नाही. पडवीत एक विचित्र प्राणी उताणा पडला होता. वीतभर व्यासाची चार चाके, मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी, पोटात तारांचे जंजाळ. वजन म्हणाल तर दहा किलो.

"मामा, हा मॉन्स्टर ट्रक," भाचा म्हणाला, "अजून हाडेच आहेत."

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या बॉब चँडलर नावाच्या गृहस्थाने १९७० च्या दशकात आपल्या फोर्ड गाडीला दांडगी चाके लावून तिचे नाव 'बिगफूट' ठेवले, आणि १९८१ साली ती जुन्या मोटारींवर घालून त्यांचा चुराडा केला. तिथून या राक्षसकुळाची भरभराट झाली. आमचा राक्षस त्याच कुळातला, पण बटू. पेट्रोल न पिता विजेवर चालणारा आणि दुरून रेडिओलहरींचे हुकूम ऐकणारा. असे हुकूम ऐकणारी छोटी बोट निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १८९८ सालीच चालवून दाखवली होती. हे सारे मला भाच्याने सांगितले. डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी गणितात नापास झालेला हा मुलगा!

मग त्याने पाटीवर हिशेब मांडला. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल ३.७ व्होल्टचा. असे आठ एकापुढे एक जोडले की २९.६ व्होल्ट. मोटर दर व्होल्टला मिनिटास ८०० फेरे घेणारी. म्हणजे मोकळी फिरली तर साडेतेवीस हजारांवर फेरे. गिअरनी ते चौदा पटींनी कमी करून चाकांना दिले की ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेग. बॅटरीतून शंभर अँपिअर खेचले, तर क्षणभर का होईना, चार अश्वशक्ती! दाजींच्या विहिरीवरचा पंप तीनचा आहे. मी तोंडात बोट घातले. गणितात नापास कोण झाले होते, मुलगा की गणिताचा पेपर, असा एक दुष्ट विचारही मनात येऊन गेला. (परीक्षकाने असे विचार करू नयेत, पुढचे पेपर तपासणे जड जाते.)

त्यानंतर दर रविवारी मी सरळगावच्या एस.टी.त. मोटर आणि स्पीड कंट्रोलर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आले. आसनगावहून लोकलने जाऊन ते आणण्याचा मान माझा. बाकीचे भाचा मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका लेथवर, सुट्टीत फुकट राबून, स्वतः घडवी.

आता गंमत पाहा. पहिल्या दिवशी प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते भुट्ट्याच्या दाण्यांसारखे गळाले. पाणी दिलेल्या पोलादाचे गिअर बसवले, तर शाफ्ट पिळवटला. शाफ्ट जाड केला, तर चासीची पट्टी वाकली. पट्टी बदलली, तर टायर दगा देऊ लागले. वेगाने फुगून ते उभ्या ताटासारखे होत आणि गाडी कोलांट्या खाई. त्यांना आतून धाग्याची चिकटपट्टी लावली. प्रत्येक वेळी दुखणे एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात सरके. शक्ती लॅमिंग्टन रोडवर मिळत होती. ती पेलणारे अंग मात्र एकेक मोडून कळत होते. बॅटरी चार्ज करायची ती अंगणात, ताईच्या जुन्या माठात वाळू घालून, आणि राखण बसून. कारण हे सेल बिघडले की पेट घेतात. हा नियम भाच्याचाच.

दाजी हे सारे ओसरीवरून पाहत. बोलत नसत.

म्हशाच्या जत्रेच्या आदल्या रविवारी गाडी खाचरात उतरवली. भात कापून झालेले, जमीन टणक. धुरळा उडवीत राक्षस असा सुटला, की मी धोतर नेसत असतो तर तेही सुटले असते. तिसऱ्या फेरीत त्याने एक कोलांटी खाल्ली आणि चाकांवर उभा राहून पुन्हा धावला. पण या वेळी भाच्याच्या हातातले रिमोट त्याला थांबवीना. रिसीव्हरची बारीक एरियल धसकटात तुटली होती. हुकूम तुटला, आणि राक्षस शेवटचा हुकूम धरून बसला : पळ!

बांधावरून उडून तो शेजाऱ्यांच्या पेंढ्याच्या उडवीत शिरला. ताशी साठच्या वेगातले दहा किलो म्हणजे चौथ्या मजल्यावरून टाकलेले दहा किलो. आम्ही पोचेतो आतून फुसफुस ऐकू येत होती, गोडसर, घशाला झोंबणारा वास सुटला होता. उडवीत शेजाऱ्यांच्या गुरांचा वर्षाचा चारा. भाच्याने आत हात घालून प्लग उपटला, गाडी ओढत उघड्या खाचरात नेली आणि मातीची ढेकळे टाकू लागला. बॅटरी भडकली ती तिथे. पेंढा वाचला, त्याचा तळहात भाजला.

संध्याकाळी हाताला फडके गुंडाळून तो स्वतःच शेजाऱ्यांकडे गेला आणि सारे सांगून आला. मी बरोबर येतो म्हटले, तर "नको मामा" म्हणाला.

परतला तेव्हा दाजी पडवीत बसले होते. यांनी एके काळी शर्यतीची बैलजोडी बाळगलेली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि जोडी विकली. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, तेव्हा गोठा रिकामा होता.

"महिनाभर ऐकतोय," ते म्हणाले, "इतकी ताकद, तितकी ताकद. याची वेसण कुठे आहे?"

भाचा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आहे बाबा. फेलसेफ म्हणतात. रेडिओ तुटला तर काय करायचे ते रिसीव्हरला आधी शिकवावे लागते. मी शिकवलेच नव्हते."

"मग शिकव."

जळलेला भाग कापून काढला, नवी एरियल जोडली. हिशेबात न बसणारी एक जुनी, कमी ताकदीची बॅटरी लावली. ताईचा पाट आणून गाडी त्यावर ठेवली, चाके अधांतरी. भाच्याने एका हाताने काहीबाही बटणे दाबली आणि चाके हळू फिरवली. दाजींनी रिमोट मागून घेतले, उलटसुलट पाहिले आणि त्याचा खटका बंद केला. चाके थांबली.

"पुन्हा लाव," दाजी म्हणाले.