कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा : बाळंतपणाविषयी थोडेसे



आपल्या या पत्रकात लागण, खोडवा, खतांचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या याविषयी नेहमीच लिहून येते. आज जरा घरातल्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे. पुरुष सभासदांनी ‘हे बायकांचे’ म्हणून पान उलटू नये. सूनबाईने काय करावे नि काय करू नये हे घरात सासूबाई ठरवीत असल्या, तरी रात्री-अपरात्री गाडी काढायची पाळी तुमच्यावरच येते.

गरोदर बाईने हालचाल किती करावी, याविषयी आपल्या भागात दोन टोकाची मते आहेत. एक म्हणते, “जितकं काम करंल तितकी लवकर सुटंल. आमच्या आईनं खुरपता खुरपता बांधावर पोर जन्माला घातलं.” दुसरे मत अलीकडे चार पैसे आलेल्या घरांत ऐकू येते. “पहिलटकरीण हाय, वाकू नको, चालू नको, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्या तिच्या.” दोन्हींत थोडे खरे आहे आणि दोन्हींपायी बायकांचे हाल होतात.

आधी दुसऱ्या मताचे पाहू. कॅथलीन व्हॉन नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई काश्मिरात काम करीत होत्या. पडद्यात, अंधाऱ्या घरात बसून राहिलेल्या बायका बाळंतपणात अडत आणि त्याच गावच्या नावाड्यांच्या, कष्टकऱ्यांच्या बायका सहज मोकळ्या होत, हे त्यांनी पाहिले. ऊन न मिळाल्याने हाडे मऊ पडून कटीचा भाग आखडे, हे त्यामागचे मोठे कारण. १९२८ साली त्यांनी यावर पुस्तकच लिहिले. आज इतके कडक पडदे नाहीत, पण नऊ महिने खाटेवर बसवून ठेवणे हा त्यातलाच प्रकार झाला.

बाळंतपण म्हणजे शरीराला मोठी मेहनत. पिशवीला येणाऱ्या कळा काही आपल्या हातात नसतात. पण पहिलटकरणीला बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त, त्या सोसाव्या लागतात. दम पुरावा लागतो आणि शेवटी जोर करताना पोटाचे, मांड्यांचे, कमरेचे स्नायू कामी येतात. नऊ महिने तालमीचे तोंड न पाहता कोणी जत्रेतल्या कुस्तीला उतरत नाही. स्पेनमध्ये झालेली एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत गरोदरपणी नियमाने व्यायाम केलेल्या बायकांच्या कळांचा पहिला टप्पा इतरांपेक्षा सरासरी जवळपास तासाभराने कमी भरला. कळा सोसणाऱ्या बाईला तास म्हणजे काय, हे घरातल्या बायकांनाच विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला असा की, काही अडचण नसलेल्या गरोदर बाईने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. त्याने रक्तदाब वाढणे, गरोदरपणातला मधुमेह होणे आणि वजन बेसुमार वाढणे यांचा धोका कमी होतो. योग्य व्यायामाने मूल लहान भरत नाही. मात्र व्यायामाने कटीची हाडे रुंद होत नाहीत की आडवे मूल हमखास सरळ होत नाही. तेव्हा ‘रोज चालली आहे, घरीच उरकू’ असे कोणी मनात आणू नये. बाळंतपण दवाखान्यातच.

आता पहिल्या मताकडे वळू. हे जास्त महत्त्वाचे आहे, कारण त्याचा हिशेब आपल्याच शिवारात लागतो.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून के.ई.एम. रुग्णालयाच्या लोकांनी शेकडो गरोदर बायकांची पाहणी केली. बायका काय खातात, शेतात नि घरात किती राबतात, सगळे टिपून ठेवले. पूर्ण दिवसांची मुलेसुद्धा सरासरी पावणेतीन किलोच्या आतच भरली. आणि ज्या बायका जास्त राबत, त्यांची मुले वजनाने कमी, डोक्याचा घेर लहान, दंड बारीक अशी निघाली. म्हणजे कष्टाने बाळ दणकट होते ही समजूत खोटी.

मग व्यायाम चांगला आणि कष्ट वाईट, हे कसे? फरक असा. व्यायाम अर्ध्या तासाचा असतो, पोटात अन्न असते, दम लागला की बसता येते. कष्ट दिवसभराचे असतात, ऊन डोक्यावर असते आणि थांबणे आपल्या हाती नसते. खाल्लेले कामातच खर्च झाले की बाळाच्या वाट्याला उरते काय? त्यात या दिवसांत सांधे सैल पडलेले असतात, पोटामुळे तोल पुढे जातो, ओझ्याखाली पाय घसरायला वेळ लागत नाही. फार जड ओझी उचलणे आणि तासन्‌तास उभे राहणे यांमुळे दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही वाढतो.

येथे एक गोष्ट स्पष्टच लिहितो. आपल्या फडावर तोडीला येणाऱ्या कोयत्यांत दरवर्षी दोन-चार बायका पोटुशा असतात. पहाटे अंधारात कोयता हाती घ्यायचा, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा केला तर पैसे कापले जाणार, म्हणून ती बोलत नाही. ऊस आपला असतो, तेव्हा आपण बोलू शकतो. “ही बाई भरणीला चढणार नाही, वाढे गोळा करील, आणि तिचा खाडा धरू नका,” एवढे मुकादमाला सांगायला सभासदाचा काय पैसा जातो? फडाजवळ प्यायच्या पाण्याची नि सावलीची सोयही आपल्याच हातची.

घरच्या सूनबाईने काय करावे? चालणे सगळ्यांत उत्तम. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, पायात चप्पल घालून, सरळ वाटेने. निसरड्या बांधावरून नको. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करून अर्ध्या तासापर्यंत न्यावे. माप सोपे आहे : चालताना बोलता आले पाहिजे, ओवी म्हणता येईना इतपत दम लागला तर चालेल. घरातला झाडू-पोतेरा, भाकरी-कालवण करायला हरकत नाही. पाण्याची घागर मात्र दुसऱ्याने आणावी. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते दिवसातून काही वेळा आवळावे नि सोडावे, हा व्यायाम बसल्या बसल्या होतो. चौथ्या महिन्यानंतर उताणे पडून व्यायाम करू नये. मोठी शीर दाबली जाऊन चक्कर येते.

अंगावरून रक्त जात असेल, वार खाली असेल, पिशवीचे तोंड सैल असेल, रक्तदाब चढला असेल किंवा रक्त ७ च्या खाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायामाचे नाव काढू नये. जुळे असेल तरी आधी विचारावे. चालताना पोटात कळ आली, पाणी गेले, छातीत दुखले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, की तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

सरकारी आरोग्य केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे आणि तोडीच्या बायकांनाही आहे. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्याही तेथे मिळतात. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये, अंगी लागत नाही. जाताना फडावरच्या एखादीला गाडीत जागा द्यावी.