विश्लेषण : पक्षी खाणारा कोळी… १७०५ मधले ‘ते’ चित्र खरे की कल्पना?

पक्षी खाणाऱ्या कोळ्याचा फोटो फोनवर आला, की हल्ली पहिला संशय ‘एआय’वर जातो. मारिया सिबिला मेरियन यांच्या वाट्याला असाच संशय आला, तोही त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

चित्रात आहे काय?

पेरूची फांदी. तिच्यावर केसाळ टॅरँट्युला कोळी आणि त्याच्या पायाखाली उताणा पडलेला हमिंगबर्ड. शेजारी घरटे आणि पाने कुरतडणाऱ्या मुंग्या. मेरियन यांनी १७०५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधून स्वतःच प्रकाशित केलेल्या सुरिनामच्या कीटकांवरील ग्रंथात ६० चित्रे आहेत, त्यातले हे १८वे.

या मेरियन कोण?

जन्म १६४७, फ्रँकफर्ट. सावत्र वडील चित्रकार. तेराव्या वर्षी त्यांनी रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली. किडे चिखलातून, कुजक्या पदार्थांतून आपोआप तयार होतात, असे तेव्हा अनेक जण मानत. मेरियन मात्र सुरवंट घरात पाळत, कोश फुटेपर्यंत वाट पाहत आणि मग अंड्यापासून पंखांपर्यंतच्या अवस्था, किडा ज्या झाडावर जगतो त्या झाडासकट, एकाच कागदावर रंगवत. १६९९ मध्ये, ५२व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन त्या दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेल्या. तिथल्या डच मळेवाल्यांना उसाखेरीज कशातच रस नव्हता. किडे शोधणाऱ्या बाईची ते चेष्टा करत. तिथे त्यांना मदत झाली ती गुलामांची आणि मूलनिवासींची. ग्रंथावर त्यांची नावे नाहीत, हेही नोंदवायला हवे. आजारपणामुळे १७०१ मध्ये मेरियन परतल्या.

मग वाद कशाचा?

लिनियस यांनी १७५८ मध्ये या चित्राचा आधार घेऊन कोळ्याला ‘अ‍ॅव्हिक्युलारिया’, म्हणजे पक्ष्यांशी संबंधित, असे नावही दिले होते. पण एकोणिसाव्या शतकात वारे फिरले. मॅकले या अभ्यासकाने क्युबात कोळ्याच्या बिळात हमिंगबर्ड ठेवून पाहिला; कोळीच बाहेर पळाला. झाले, चित्र खोटे ठरले! १८३४ मध्ये छापून आलेल्या लेखात लॅन्सडाउन गिल्डिंग या पाद्री-अभ्यासकाने तर पूर्ण ग्रंथाचीच चिरफाड केली. गिल्डिंग सुरिनामला कधी गेले नव्हते आणि त्यांच्यासमोर होती मेरियन यांच्या मृत्यूनंतर छापलेली आवृत्ती. एका बेटावरच्या, एका जातीच्या कोळ्यावरून दुसऱ्या देशातले निरीक्षण खोटे ठरवणे म्हणजे सॅम्पल चुकल्यावर निष्कर्षाचा आग्रह धरण्यासारखेच.

छडा कसा लागला?

हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ब्राझीलमध्ये एका झाडाच्या खोडावर असाच कोळी पाहिला. जवळच्या फटीत, जाळ्याखाली दोन छोटे पक्षी होते. एक मेलेला, दुसरा मरणाच्या दारात. हे त्यांनी १८६३च्या पुस्तकात लिहिले आणि मेरियन यांच्यावरचा आरोप ढिला पडला. अर्थात पक्षी हे या कोळ्याचे रोजचे जेवण नव्हे. त्याचा मुख्य आहार किडेच.

म्हणजे ग्रंथातले सगळेच खरे?

नाही. हमिंगबर्ड साधारण दोन अंडी घालतो, चित्रातल्या घरट्यात चार आहेत. खरी गंमत ४९व्या चित्रात आहे. त्यात खाली धड सिकाडाचे आणि डोके ‘लँटर्न फ्लाय’ या किड्याचे, असा एक प्राणी दिसतो. तो निसर्गात नाहीच! सिकाडापासूनच लँटर्न फ्लाय होतो, असे स्थानिकांनी मेरियन यांना सांगितले होते. सुरवंटाचे फुलपाखरू होताना आयुष्यभर पाहिलेल्या चित्रकर्तीला हेही पटले असावे. या किड्याच्या डोक्यातून वाचता येईल इतका उजेड पडतो, असेही त्यांनी लिहिले. प्रत्यक्षात तो अजिबात चमकत नाही. तरीही लिनियस यांनी त्याचे नाव कंदिलावरूनच ठेवले आणि ते आजही चालू आहे.

जर्मनीने १९९०च्या दशकात ५०० मार्कांच्या नोटेवर मेरियन यांचे चित्र छापले. टॅरँट्युलाला जर्मन भाषेत आजही ‘पक्षी-कोळी’च म्हणतात.