मूठभर जवळ्याची ताकद

पावसाळा सरला की मीरा-भाईंदरमधल्या उत्तनच्या किनाऱ्यावर आडव्या बांबूंवर बोंबील वाळायला टांगतात. ताज्या बोंबलात जवळपास ९० टक्के पाणीच असते. ते उन्हावाऱ्याने निघून गेले की जिवाणूंना वाढायला ओल उरत नाही, म्हणून मासा महिनोन्महिने टिकतो. प्रथिने मात्र जागेवरच राहतात: नीट वाळलेल्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून अधिक! महिनाअखेरीस इथल्या घरांना या सुक्या माशाचा चांगला आधार असतो. जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, तर आणखी सोयीचा. तो कवचासकट खाल्ला जातो, त्यामुळे कॅल्शियमही मिळते. मूठभर जवळा कोरडा भाजा, धुवा, भरपूर कांदा, लसूण आणि आमसूल घालून परता. सोबत तांदळाची भाकरी. सुकी मासळी घेताना ओलसर माल टाळा आणि पावसाळ्याआधी कडक ऊन देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.