जाहिरातीला पैसे नाहीत? आधी कोणाच्या तरी उपयोगी पडा!



गगनबावड्याच्या वर्कशॉपमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, करवंद-जांभळाची वाइन काढली आणि लेबलवर 'समुद्र वाचवा' असं छापलं तर? पर्यटक आवडीने घेतील ना?" सगळे हसले. घाटमाथ्यावर समुद्र कुठून आला!

मी हसलो नाही. कारण नेमकं हेच एका जोडप्याने करून दाखवलंय. फक्त त्यांनी सुरुवात लेबलपासून केली नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात मायकल हुलिहान आणि बॉनी हार्वी यांनी १९८६ मध्ये 'बेअरफूट' ही वाइन बाजारात आणली. बेअरफूट म्हणजे अनवाणी. बाटलीवर पावलाचा ठसा. ऑफिस म्हणजे भाड्याच्या शेतघरातली कपडे धुण्याची खोली! वाइनच्या धंद्याचा अनुभव नाही आणि जाहिरातीला पैसे तर नाहीतच. मग त्यांनी काय केलं? समाजाचं काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यक्रमांना वाइन दिली. त्यात समुद्रकिनारे जपणारी 'सर्फरायडर फाउंडेशन' होती. कार्यक्रमाला आलेली माणसं वाइन चाखायची, आवडली की दुकानात जाऊन मागायची.

२००५ मध्ये हा ब्रँड गॅलो या कंपनीने विकत घेतला. ही कंपनी १९३३ पासून एकाच कुटुंबाच्या हातात आहे. मालक बदलले, पण समुद्राशी जोडलेलं नातं टिकलं. २००७ मध्ये सर्फरायडरसोबत किनारे साफ करण्याची मोहीमच सुरू झाली. विचार साधा होता : वाळूवर काचा आणि कचरा नसेल, तरच अनवाणी चालता येईल.

यातून तीन गोष्टी वहीत लिहून घ्या.

पहिली, काम आणि माल यांचं नातं खरं हवं. तिथे पाऊल आणि वाळू होती. आपल्याकडे काय आहे? पाणी! गगनबावड्याचा पाऊस दोन समुद्रांना जातो. कुंभीचं पाणी पंचगंगेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळतं. घाटाखाली वैभववाडीकडे उतरलेलं पाणी शुक नदीने वाघोटनला आणि विजयदुर्गजवळ अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे करूळ घाटात फेकलेली प्लास्टिकची बाटली ओढ्याला लागली की तिचा रस्ता समुद्राकडेच जातो. ताईंचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता, तो यामुळे.

दुसरी, सुरुवातीला रोख देण्यापेक्षा माल द्या. समजा, तुमची बाटली १५० रुपयांना विकली जाते आणि तुम्हाला ७० ला पडते. दहा बाटल्या दिल्या तर संस्थेला १५०० चा माल मिळाला, तुमच्या खिशातून ७०० गेले. शिवाय दहा बाटल्यांची चव लोकांच्या जिभेवर गेली. पण हे ७०० जाहिरातीच्या खर्चात लिहा. घरखर्चातून दिलं तर तिसऱ्या महिन्यात बंद पडेल.

तिसरी, आकडा सांगा. ही चूक मी स्वतः केलीय. दुकानात बोर्ड लावला होता, 'नफ्यातला काही भाग पर्यावरणासाठी'. एका काकूंनी विचारलं, "किती दिले? कोणाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी हातातली वस्तू परत ठेवली. बोर्ड मी त्याच संध्याकाळी उतरवला. त्या दिवशी एक गिऱ्हाईक गेलं त्यापेक्षा विश्वास गेला, याचं जास्त वाईट वाटलं.

आता वाइनचं. फळांची वाइन आपल्याकडे होते. डहाणूजवळच्या बोर्डीत चिकूपासून वाइन बनवणारा उद्योग उभा आहे. पण वाइन बनवायला आणि विकायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. परवाना नसताना घरी काढून पर्यटकाला एक ग्लास विकणं हाही गुन्हाच. दारूच्या जाहिरातीवरही बंधनं आहेत, त्यामुळे बेअरफूटसारखं कार्यक्रमात वाइन वाटणं इथे जसंच्या तसं जमणार नाही. म्हणून ताईंना मी म्हटलं, "आधी करवंदाचं सरबत काढा, अन्नसुरक्षेची नोंदणी करा, गिऱ्हाईक तयार करा. वाइन नंतर."

आणि समुद्राचं काम करणारे शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची घरटी जपली. पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक येऊ लागले आणि गावातल्या घरांना राहण्या-जेवणाचा धंदा मिळाला. आधी कासव, मग कमाई. क्रम लक्षात ठेवा.

ताईंनी शेवटी काय ठरवलं? सरबत काचेच्या बाटलीत. रिकामी बाटली परत आणली की दहा रुपये परत. महिन्याला किती बाटल्या परत आल्या, तो आकडा दुकानाबाहेर पाटीवर. लेबलवर 'समुद्र वाचवा' अजून छापलेलं नाही. पाटीवरचा आकडा वाढला की छापायचं.

आता तुमचा गृहपाठ. तुमचा माल कोणत्या चांगल्या कामाशी खरोखर जोडता येईल? एक काम, एक संस्था आणि महिन्याचा एक आकडा, असं तीन ओळींत लिहा. आकडा सुचत नसेल, तर बोर्ड लावायची घाई करू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!