स्टिअरिंगची घरघर : आवाजाचे कारण कसे शोधावे?

मोटारीचे स्टिअरिंग वळवताना 'घर्र घर्र' असा आवाज येऊ लागला, की मालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'खर्च किती?' हा. खरे तर पहिला प्रश्न हवा तो 'आवाज नेमका कधी येतो?' हा. त्याचे उत्तर न शोधता अंदाजाने भाग बदलत गेले, तर महागडा भाग बदलूनही आवाज तसाच राहू शकतो. दुसरीकडे, एखादा खरोखर धोकादायक दोष 'चालेल अजून' म्हणून मागे पडू शकतो. म्हणून या शोधाची पद्धत समजून घेऊ.

आधी रचना पाहू. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला पिनियन हे लहान दातेरी चाक असते. ते रॅक नावाच्या दातेरी पट्टीला डावीकडे-उजवीकडे सरकवते. रॅकच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड पुढची चाके वळवतात. बहुतेक लहान मोटारींत चाकाबरोबर स्प्रिंग व शॉकअॅब्सॉर्बर यांचा उभा खांबही फिरतो. त्याला स्ट्रट म्हणतात. तो सहज फिरावा म्हणून त्याच्या माथ्यावर एक बेअरिंग असते. हाताला जोर कमी लागावा म्हणून जुन्या गाड्यांत इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा तेलाचा पंप असतो, तर अलीकडच्या बहुतेक गाड्यांत विजेची मोटर असते.

म्हणजे आवाज करू शकणारे भाग बरेच आहेत. पण ते सगळे एकाच वेळी काम करत नाहीत, आणि आपली पद्धत यावरच उभी आहे. प्रयोगशाळेतला नियम इथेही पाळायचा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिली चाचणी. सपाट जागी हँडब्रेक लावून, इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून स्टिअरिंगचे कुलूप सोडवावे व ते थोडे थोडे वळवावे. ते जड जाईल, पण आता पंप बंद आहे आणि चाके पुढे-मागे फिरत नाहीत. तरीही घरघर आली, तर पंप आणि चाकाचे बेअरिंग हे दोघेही सुटले. संशय उरतो तो स्टिअरिंगचा दांडा, रॅक, सांधे व स्ट्रटचे बेअरिंग यांवर. (टायर जमिनीवर घासल्याचा रबरी आवाज वेगळा, त्याला फसू नये.) स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग थोडी अडून मग 'टण्ण' करून उडी मारत असेल, तर स्ट्रटचे बेअरिंग जवळजवळ निश्चित दोषी. अडलेली स्प्रिंग पिळली जाते, ऊर्जा साठवते आणि घर्षणावर मात होताच सुटते. दाराची बिजागरी कुरकुरते तीही अशाच अडण्या-सुटण्याने.

हे बेअरिंग खराब का होते? स्टिअरिंग एका बाजूला साधारण दीड फेरा, म्हणजे ५४० अंश फिरते. स्टिअरिंग व चाके यांच्या वळण्याचे गुणोत्तर साधारण १५ : १ धरले, तर चाके वळतात फक्त ३६ अंश. म्हणजे या बेअरिंगच्या गोळ्या कधीच पूर्ण फेरा घेत नाहीत; त्याच त्या जागी मागे-पुढे होतात. ग्रीस सगळीकडे पसरत नाही आणि चाकाने उडवलेले पाणी व धूळ आत शिरली की धातू खरवडला जातो.

दुसरी चाचणी. गाडी उभीच, पण इंजिन चालू. आता नवा आवाज आला, तर तो स्टिअरिंगला मदत करणाऱ्या यंत्रणेचा. पंपाच्या गाडीत कण्हल्यासारखा आवाज येऊन तो इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर आधी तेलाची पातळी पाहावी. तेल कमी झाले की पंप हवा ओढतो आणि दाबाखाली बुडबुडे फुटून आवाज होतो. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धरल्यास थोडी सुसकारी येणे स्वाभाविक आहे. मात्र काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, तेल तापते.

तिसरी चाचणी. रिकाम्या मैदानात सावकाश डावीकडे व मग उजवीकडे गोल फेरी घ्यावी. वळताना 'कट कट कट' आले, तर पुढच्या चाकांना इंजिनाची गती देणाऱ्या अॅक्सलचा सांधा झिजलेला असण्याची शक्यता मोठी. चाक फिरेल तसे खरखरत असेल, तर ब्रेकची तबकडी व तिच्यामागचा पत्रा यांत खडा अडकला असेल. वेगाबरोबर घुमणारा आवाज डावीकडे वळताना वाढत असेल, तर उजव्या चाकाचे बेअरिंग तपासावे, कारण त्या वेळी भार उजवीकडे सरकतो.

आवाज इंजिनाचा की चाकाचा, हे ठरवायला एक सोपी युक्ती आहे. ताशी ३० कि.मी. हाच वेग ठेवून एकदा दुसऱ्या आणि एकदा तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चालवावी. चाकांचा वेग तोच राहतो, इंजिनाचा बदलतो. आवाज बदलला, तर तो इंजिनाशी जोडलेला. नाही बदलला, तर चाकाशी.

आवाज कुठून येतो, याबाबत मात्र कानावर फार विश्वास ठेवू नये. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने जातो, हवेतून सुमारे ३४० मीटर. त्यातच पोलाद तो फारसा शोषत नाही. त्यामुळे चाकाजवळचा आवाज डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो. १८१६ साली फ्रान्समध्ये लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक भागाला व मूठ कानाजवळ लावून तेच करतो. फिरत्या पट्ट्यापासून व पंख्यापासून मात्र दूर राहायला हवे.

आता सर्वांत महत्त्वाचे. पंप निकामी झाला, तर स्टिअरिंग जड होते, पण चाके वळतात. टाय रॉडचा सांधा किंवा बॉल जॉइंट निसटला, तर चाक ऐकेनासे होते. म्हणून आवाजाबरोबर स्टिअरिंग ढिले वाटत असेल, खड्ड्यातून जाताना ठोका बसत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पुढच्या चाचण्या करत बसू नये. गाडी तिथेच थांबवावी आणि मेकॅनिकला बोलवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये.

हीच पद्धत वर्गात सायकलवर करून पाहता येईल. समजा, सायकल 'कट' असा आवाज करते आहे. पायडलच्या चाकाला ४४ दाते व मागच्या चाकाला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४ फेरे घेते. विद्यार्थ्यांना पायडलच्या दहा फेऱ्यांत किती 'कट' येतात ते मोजू द्यावे. १० आले, तर दोष पायडलकडे. २४ च्या आसपास आले, तर मागच्या चाकाकडे. पाना हातात घेण्याआधी मोजणी करायची सवय लागली, तर ती पुढे त्यांना मोटारीपुरतीच उपयोगी पडणार नाही.