माळरानांचा प्रदेश – लेखांक चौथा : नान्नजचे गवत

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत दख्खनची माळराने कशी निर्माण झाली, याचा विचार मागील लेखांकात केला. आता त्यांपैकी एका माळावर प्रत्यक्ष जाऊ. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर गेले की नान्नज लागते, आणि गावाबाहेरच्या मुरमाड, चढउताराच्या जमिनीवर, जिथे वर्षाकाठी जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे. माळढोकाचे दर्शन आता इतके दुर्मिळ झाले आहे की केवळ त्याच्यासाठी येणाऱ्याने निराशेची तयारी ठेवूनच यावे. माझी विनंती अशी, की वनखात्याची परवानगी घेऊन, भल्या पहाटे, शक्यतो पावसाळा सरल्यानंतर येथे यावे आणि प्रथम गवत पाहावे.

दुरून एकसारखे भासणारे हे गवत जवळून पाहता पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी, कुसळी असे नाना जातींचे आहे. त्यातील कुसळीचा एक दाणा तळहातावर घ्यावा. त्याचे एक टोक अणकुचीदार असते व दुसऱ्या टोकाला लांब, काळपट, पिळदार कुसळ असते. दव पडले की कुसळ भिजून त्याचा पीळ उलगडतो, ऊन चढले की तो पुन्हा आवळतो, आणि या नित्याच्या हालचालीने तो दाणा गिरमिटासारखा फिरत मातीत शिरतो. जो दाणा मातीत शिरत नाही, तो मेंढीच्या लोकरीत किंवा आपल्या पायमोज्यात शिरून दुसऱ्या माळावर पोहोचतो. गवताचा कोंब जमिनीलगत सुरक्षित असल्यामुळे वरचे पाते चरले गेले तरी ते मरत नाही. मात्र विसावा न देता बारमाही चराई होत राहिली, तर पवन्यासारखी सकस गवते मागे हटतात, कुसळी माजते, आणि कोणत्या माळावर किती भार पडला आहे हे जाणत्याला नुसत्या गवतावरून सांगता येते.

या गवताच्या आश्रयाने चंडोल, धाविक, लावे, खोकड, काळवीट आणि त्यांच्या मागावर असणारा लांडगा जगतो. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी दिवसभर माळावरून संथपणे घिरट्या घालून रात्री जमिनीवर, गवतातच मुक्काम करतात. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ महिनाभर त्यावर बसते. चौफेर दृष्टी पोहोचेल असा मोकळा माळ हेच तिचे संरक्षण.

नेमका हा मोकळेपणा आमच्या राज्यकारभाराला कधी उमगला नाही. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती महसुली दप्तरात पडीक म्हणून नोंदवावयाची, आणि पडीक म्हणून ती वसाहतीला, कारखान्याला वा कालव्याच्या पाण्यावरील उसाला बहाल करावयाची, ही रीत इंग्रजी अमलापासून अव्याहत चालत आली. सद्‌हेतूनेही हानी झाली : नान्नजच्या माळावर गिरिपुष्पाची झाडे लावली गेली, त्यांनी गवताचे ऊन व ओल हिरावली, पक्ष्याची दृष्टी अडवली आणि शिकारी पाखरांना बसावयास फांद्या दिल्या. वृक्षारोपण सर्वत्र पुण्यप्रद असते, ही समजूत माळरानाच्या बाबतीत तरी सोडावी लागेल.

दुसरी चूक याच्या उलट होती. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले तेव्हा सोलापूर व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश, त्यातील गावे, पिके व वस्त्यांसकट, त्यात समाविष्ट करण्यात आला. खातेदाराला स्वतःच्या जमिनीचे खरेदीखत करणेही दुष्कर झाले, आणि ज्या पाखराला त्याच्या पूर्वजांनी शेतात निर्वेधपणे वावरू दिले होते, त्याच पाखराचा त्याला राग येऊ लागला. तो राग मला अन्याय्य वाटत नाही. पुढे हे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. तोवर बरेच माळ नांगराखाली गेले होते.

माळाचा खरा जाणकार विचाराल तर धनगर. काढणीनंतर शेतकरी त्याला आग्रहाने बोलावून खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो, लांडगा अधूनमधून कळपातले एखादे कोकरू नेतो, आणि तरीही शतकानुशतके हे तिघे एकाच माळावर नांदत आले आहेत. म्हणून चराई सरसकट बंद करावी, या मताशी मी सहमत नाही. माळाचे भाग पाडून ते आळीपाळीने राखावेत व मोकळे करावेत, आणि ती पाळी ठरविताना धनगराला विचारावे. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरांच्या माळावर काळविटांसाठी अभयारण्य राखले आहे. इतक्या तोकड्या जागेत गवत आणि कळप यांचा मेळ कसा बसतो, ते पुढील लेखांकात पाहू.